माहितीपर लेखांतील पक्षदृष्टि व तिची परीक्षा : लेण्याद्रीवरील एक पाठ

(१) जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्यांस व पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस लेखकाच्या पक्षपाताची ओळख नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. बखरकार धन्याचें मीठ खाऊन लिहितो, वकील आपल्या पक्षाच्या सोयीचें तेवढें कळवितो, आणि महजरांत हरलेल्या पक्षाचें म्हणणें थोडक्यांत उरकलेलें असतें, हें गृहीत धरूनच आपण कागद हातीं घेतों. परंतु ही सावधगिरी पुढील पिढीस कशी शिकवावी, याचा विचार संशोधकमंडळींत फारसा होत नाहीं. आम्हीं बरींच वर्षें शाळेंत संस्कृत व इतिहास शिकविला. त्या काळांत जें एक वारंवार आढळलें तें असें कीं, कथा-कादंबरी वाचतांना मुलें लेखकाविषयीं सावध असतात. पण ज्या लेखांत लांबीरुंदीचे आंकडे आहेत, सनावळी आहे आणि अलंकार नाहींत, तो लेख कोणा एका माणसानें लिहिला आहे हेंच तीं विसरतात. पाठ्यपुस्तक, गॅझेटियर, यात्रेची पुस्तिका, पुरातन स्थळावरील फलक आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारी निनांवी माहिती, हे सर्व त्यांस सारखेच प्रमाण वाटतात. असल्या माहितीपर लेखांतील लेखकाचा कल विद्यार्थ्यांस कसा ओळखावयास लावावा, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे. आणि उदाहरणासाठीं जुन्नरजवळील लेण्याद्रि हें स्थळ योजिलें आहे.

(२) प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करूं. आमच्या शास्त्रकारांनीं वक्त्याचे चार दोष सांगितले आहेत : भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. भ्रम म्हणजे वस्तु एक असतां दुसरीच समजणें. प्रमाद म्हणजे हयगय. विप्रलिप्सा म्हणजे फसविण्याची इच्छा. आणि करणापाटव म्हणजे इंद्रियांचा दुबळेपणा. आतां पक्षदृष्टि या चारांपैकीं कोणत्या सदरांत घालावी? ज्या लेखकाचा कल एका बाजूस आहे तो बहुधा प्रामाणिक असतो. त्याचे डोळे चांगले असतात, तो हयगय करीत नाहीं, आणि फसविण्याचा त्याचा हेतुही नसतो. तो केवळ एका ठिकाणीं उभा असतो, व तेथून जें दिसतें तें सांगतो. म्हणून एखादें खोटें वाक्य पकडून पक्षदृष्टि सिद्ध होत नाहीं. लेखांतील प्रत्येक वाक्य खरें असूनही लेख एका बाजूस कललेला असूं शकतो, आणि विद्यार्थ्यांस जें शिकवावयाचें तें हेंच. बाराव्या शतकांत काश्मीरांत राजतरंगिणी रचणाऱ्या कल्हणानें भूतकाल सांगणाऱ्यास न्यायाधीशाप्रमाणें राग व द्वेष या दोहोंपासून अलिप्त राहण्याचा आदर्श घालून दिला. परंतु त्याचा पिता चंपक हा हर्षराजाचा मंत्री होता, आणि हर्षाविषयींचा भाग वाचतांना ही गोष्ट मनांत वागविणारा वाचकच कल्हणास नीट समजतो. असें वाचल्यानें कल्हणाची योग्यता तिळभरही उणी होत नाहीं.

(३) लेण्याद्रि निवडण्याचें कारण हें कीं, तेथें एकच खडक आहे आणि त्याविषयीं निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या हेतूंनीं लिहिलेले लेख उपलब्ध आहेत. जुन्नरच्या उत्तरेस, कुकडी नदीपलीकडे, गोळेगांवानजीक हा डोंगर आहे. त्याच्या दक्षिणाभिमुख कड्यांत सुमारें ३० लेणीं ओळीनें कोरलेलीं आहेत. त्यांचा काल सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील मानतात. ६ व्या क्रमांकाचें लेणें हें मुख्य चैत्यगृह असून त्यांत स्तूप आहे. त्याच्या शेजारचें ७ व्या क्रमांकाचें लेणें हा भिक्षूंच्या निवासाचा विहार. त्याचा मधला मंडप सुमारें ५७ फूट लांब व ५१ फूट रुंद असून त्यांत एकही खांब नाहीं. दोन्ही बाजूंस सात सात आणि मागील भिंतींत सहा अशा वीस खोल्या त्यास आहेत. मागील भिंतीच्या मध्यभागीं अष्टविनायकांपैकीं गिरिजात्मज विराजमान आहेत, आणि पूर्वीं जेथें भिक्षु वावरत तो मंडप आज सभामंडप आहे. लेणीं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत, आणि उपासनाही चालू आहे. एवढ्या गोष्टी कोणत्याही पक्षास मान्य होण्यासारख्या आहेत. आतां लेखांकडे वळूं.

(४) पहिला लेख खुद्द खडकावरचा. चैत्यगृहांतील ब्राह्मी लेखावरून तें कल्याणच्या सुलसदत्त नांवाच्या गृहस्थाचें धर्मदान आहे असें समजतें. त्याचा पिता 'हेरणिक' म्हणून उल्लेखिला आहे. दुसऱ्या, लहान चैत्यगृहाच्या लेखांत आनंद नामक उपासकानें आपल्या बापाचें व आजाचें नांव घालून दान नोंदविलें आहे. शिलालेख म्हटला कीं आम्हां प्राचीनवस्तुप्रेमी लोकांचा हात आपोआप जोडला जातो. कागद खोटा असेल, पण दगड खोटें बोलत नाहीं, अशी आपली समजूत. दगड खोटें बोलत नसेल, परंतु तो दात्याच्या पैशानें बोलतो. देणाराचें नांव, कुल व गांव तो सांगतो. खडक फोडणाऱ्या पाथरवटाचें नांव या दोन्ही लेखांत नाहीं. किती वर्षें काम चाललें, किती खर्च आला, हेंही नाहीं. आम्हीं एकदां विद्यार्थ्यांस या लेखांचा अर्थ समजावून दिल्यावर, "यांत कोण नाहीं?" असा प्रश्न टाकला. थोडा वेळ शांतता झाली, मग एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ज्यानें हें कोरलें तोच नाहीं." पक्षदृष्टीचें मुख्य लक्षण त्या मुलीस त्या क्षणीं सांपडलें. तें म्हणजे लेखांतील मौन.

शिवाय शिलालेख आपल्यापर्यंत पोंचतो तो वाचणाराच्या हातून. 'हेरणिक' हा शब्द संस्कृत 'हैरण्यिक'. त्याचा अर्थ कोणी सोनार करतो, कोणी कोशाधिकारी. पहिला अर्थ घेतल्यास कारागिराच्या घरचें दान ठरतें, दुसरा घेतल्यास अधिकाऱ्याच्या घरचें. व्याकरण दोन्ही अर्थांस वाव देतें. निवड मात्र बरेच वेळां वाचणाराच्या मनांतील समाजचित्र करीत असतें.

(५) दुसरा लेख माहात्म्याचा. गाणपत्य परंपरेप्रमाणें पुत्रप्राप्तीसाठीं पार्वतीनें येथें बारा वर्षें तप केलें, आणि गणेश तिचा पुत्र होऊन येथें बाललीला करीत राहिला; म्हणून तो गिरिजात्मज. माहात्म्यकारास बौद्ध भिक्षु ठाऊक नव्हते कीं त्यानें ते जाणूनबुजून वगळले, हा वाद विद्यार्थ्यांपुढें उपस्थित करण्यांत हांशील नाहीं. त्याचा प्रश्न 'हें कोणीं खोदलें' हा नव्हताच; 'हें स्थळ पवित्र कां' हा होता. ज्या प्रश्नाचें उत्तर लेखक देत नाहीं त्या प्रश्नासाठीं त्याची उलटतपासणी करणें हा वाचकाचा दोष होय.

तथापि नांवाची गोष्ट येथें फार बोधप्रद आहे. 'लेणें' हा शब्द प्राकृत 'लेण' यावरून आणि तो संस्कृत 'लयन' यावरून आला, असें भाषाभ्यासक मानतात. लयन म्हणजे विसांव्याचें, राहण्याचें ठिकाण. लेण्यांतील शिलालेखांत 'लेण' हाच शब्द दानाच्या वस्तूसाठीं येतो. माहात्म्यपर कथनांत मात्र या डोंगरास 'लेखनपर्वत' म्हटलेलें आढळतें. 'लेण' ऐवजीं 'लेखन' म्हटलें कीं राहण्याचा अर्थ गेला व कोरण्याचा आला. एका शब्दाच्या संस्कृतीकरणानें येथें कोणी राहत होतें ही आठवण पुसट झाली. उलट 'लेण्याद्रि' या रूढ नांवांत देशी 'लेणें' आणि संस्कृत 'अद्रि' शेजारीं शेजारीं नांदत आहेत. लोकांच्या तोंडीं राहिलेलें हें मिश्र नांव विद्वानांनीं घडविलेल्या शुद्ध नांवापेक्षां अधिक इतिहास सांभाळून आहे.

(६) तिसरा लेख इंग्रजी अमदानींतील पाहणीचा. फर्ग्युसन व बर्जेस यांचा लेण्यांवरील ग्रंथ १८८० त आला. बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांतले शिलालेख १८८१ त प्रसिद्ध केले. आणि कॅम्बेल यांच्या संपादनाखालील गॅझेटियराचे पुणें जिल्ह्याचे भाग १८८५ त निघाले. या मंडळींच्या श्रमांवांचून आज आपणांस लेण्याद्रीविषयीं फारच थोडें कळलें असतें, हें प्रथम कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. लेण्यांस क्रमांक देणें, फूट-इंचांनीं मापणें, अक्षरांचे ठसे घेणें, हें सर्व त्यांनीं केलें. परंतु मापपट्टीलाही एक दृष्टि असते. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यास जिल्हा समजावा, हा गॅझेटियराचा हेतु. त्या चष्म्यांतून प्राचीन लेणें हें मूळ आणि चालती पूजा ही मागाहूनची भर, असा क्रम आपोआप लागतो. माहात्म्यकारास भिक्षु दिसत नाहींत. सर्वेक्षकास यात्रेकरू दिसतो, पण तो मापांच्या आड उभा असल्यासारखा दिसतो.

विद्वत्तेच्या अंगणांतही कल कसा शिरतो, याचें एक चांगलें उदाहरण जुन्नरच्या लेण्यांतच आहे. येथील तीन लेखांत दात्यांनीं आपणांस 'यवन' म्हटलें आहे; इरिल, चिट आणि चंद अशीं त्यांचीं नांवें येतात. पैकीं दोघांच्या नांवांपुढें 'गत' हा शब्द आहे. स्टेन कोनो या नॉर्वेच्या थोर पंडितानें १९१२ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत हे 'गत' म्हणजे युरोपांतील गॉथ लोक असावेत असा तर्क मांडला. उत्तर युरोपांतील पंडितास सह्याद्रीच्या खडकावर उत्तर युरोपांतील लोक दिसले! यांत अप्रामाणिकपणाचा लेश नाहीं. कोनोंचें प्राकृताचें ज्ञान वादातीत होतें. आमच्याकडील कांहीं लेखक याच शिलालेखांवरून 'यवनांनीं आमच्या धर्मापुढें मान लवविली' असा विजयाचा सूर काढतात, तोही त्याच जातीचा. शिलालेख मान लवविल्याचें सांगत नाहींत. पाण्याचें टांकें किंवा भोजनमंडप दिल्याचें सांगतात.

(७) चौथा लेख आजचा, म्हणजे पुस्तिका, फलक, पत्रकें. या ठिकाणीं विषय नाजूक होतो, आणि शिक्षकाची खरी कसोटीही येथेंच लागते. गिरिजात्मजाचे भाविक अनेक पिढ्यांचे. दुसऱ्या बाजूस, १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रांतील लाखों बौद्धांस हीं लेणीं आपल्या पूर्वपरंपरेचा जिवंत वारसा वाटतात, आणि तसें वाटण्यास खडकावरील अक्षरांचा आधार आहे. एका बाजूचा लेखक 'स्वयंभू', 'जागृत', 'अनादि' हे शब्द वापरतो. दुसऱ्या बाजूचा 'अतिक्रमण', 'बळकावणें', 'विद्रूप करणें' हे. विहाराचें देवालय नंतरच्या काळांत झालें, एवढें निश्चित. तें ओसाड पडलेल्या विहारांत झालें कीं नांदत्या विहारांत, सलोख्यानें कीं बळानें, हें सांगणारा समकालीन लेख आमच्या पाहण्यांत नाहीं. जेथें पुरावा नाहीं तेथें दोन्ही बाजूंचीं क्रियापदें पुराव्याचें काम करीत असतात. 'रूपांतर झालें', 'पावन झालें', 'बळकावलें' या तीन क्रियापदांत एकाच घटनेचे तीन निवाडे आहेत, आणि तिन्ही निवाडे साक्षीदारांवांचून दिलेले आहेत. यांपैकीं पहिलें क्रियापद सौम्य आहे म्हणून निःपक्षपाती आहे असेंही मुलांनीं समजूं नये. 'झालें' म्हणतांच तें करणारा माणूस वाक्यांतून नाहींसा होतो.

(८) आतां पाठाची रीति. पक्षदृष्टि ओळखण्याचीं साधनें परदेशांतून आणण्याची गरज नाहीं. ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यासाठीं मीमांसक व वेदान्ती यांनीं सहा लिंगें सांगितलीं आहेत : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ति. श्रुतीच्या अर्थनिर्णयासाठीं योजिलेलीं हीं लिंगें यात्रेच्या पुस्तिकेसही तितकींच लागू पडतात. आम्हीं तीं मुलांस प्रश्नरूपानें दिलीं. लेख कोठें सुरू होतो व कोठें संपतो? कोणता शब्द पुनःपुन्हा येतो? इतर कोणी सांगत नाहीं असें हा काय सांगतो? वाचून वाचकानें काय करावें असें यास वाटतें? कोणाची स्तुति व कोणाची निंदा येते? आणि शेवटीं, पुरावा काय दिला आहे? यांस आम्हीं एक सातवा प्रश्न जोडला, तो त्या मुलीनें दाखविलेला : यांत कोण नाहीं?

उदाहरणार्थ, 'उपक्रम' पाहा. पार्वतीच्या तपापासून सुरू होणारा वृत्तान्त, सातवाहन काळापासून सुरू होणारा वृत्तान्त आणि जुन्नरपासूनच्या अंतरानें सुरू होणारा वृत्तान्त, या तिघांनीं पहिल्याच वाक्यांत घराचा मालक ठरवून टाकला आहे. मुलांस हें एकदां दिसलें कीं पुढें सांगावें लागत नाहीं.

व्यवहारांत आम्ही चारही प्रकारचे उतारे लेखकाचें नांव, वर्ष व छापखाना वगळून मुलांच्या हातीं देत असूं, आणि सात प्रश्नांच्या आधारें लेखक कोण असावा, तो कोणासाठीं लिहीत असावा, हें ओळखावयास सांगत असूं. नांव आधीं कळलें तर मुलें लेखास न वाचतां नांवास वाचतात. नंतर प्रत्येक मुलास आपल्या मनास न पटणाऱ्या उताऱ्यांतील फक्त खऱ्या गोष्टी वेगळ्या काढून, एकही विशेषण न वापरतां, पुन्हा लिहावयास लावीत असूं. सर्वांत कठीण पाठ तिसरा. प्रत्येकानें आपल्या मनास सर्वांत जवळचा उतारा घेऊन त्यास तेच सात प्रश्न विचारावयाचे. गणपतीस दरवर्षीं पायीं जाणाऱ्या घरचा मुलगा पत्रकांतील कल पांच मिनिटांत दाखवी, आणि बौद्ध घरचा मुलगा माहात्म्यांतील; दोघांचीही बुद्धि तीव्र होती. उतारे बदलून दिले कीं दोघांच्या लेखण्या थांबत. जो विद्यार्थी केवळ दुसऱ्याच्या कागदांतील पक्षपात ओळखावयास शिकला, त्यास आपण परीक्षा शिकविली नाहीं. एक शस्त्र मात्र दिलें. असें शिक्षण न दिलेलें बरें.

(९) या पाठाचा एक धोका सांगितला पाहिजे. कल सांपडला कीं लेख निकालांत काढावा, अशी घाई तरुणांस होते. 'हा तर पक्षपाती' एवढें म्हटलें कीं वाचण्याचे श्रम वांचतात. वस्तुतः कल कळल्यानंतरच लेख उपयोगीं पडूं लागतो. सुलसदत्ताचा लेख स्वतःच्या दानाचा गौरव करतो, हें ध्यानांत घेतल्यावरही कल्याणचा गृहस्थ घाट चढून जुन्नरच्या डोंगरांत दान करीत होता, ही बातमी अमोल राहते. कलाच्या विरुद्ध जाणारी माहिती तर विशेष विश्वसनीय. जुन्नरच्या एका लेखांत धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या नगरांतील निवासाचा उल्लेख आहे. सगळा डोंगर भिक्षूंचाच समजणाऱ्या वर्णनांस ही एक ओळ छेद देते. तीही एका दात्याच्या गौरवाच्या लेखांतच सांपडली.

विद्यार्थ्यांस हें झेपेल काय, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाच्या आरंभांतच आहे. ग्रँट डफ हा साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ त निघाला, आणि त्याचें मराठी भाषांतर शाळांतून शिकविलें जाऊं लागलें. म्हणजे तें पुस्तक आपल्या मुलांचें माहितीपर वाचन होतें. त्यावर १८६७ सालीं पुण्यास सभेपुढें निबंध वाचून त्याच्या उणीवा ज्यानें दाखविल्या, तो नीळकंठ जनार्दन कीर्तने त्या वेळीं विद्यार्थिदशेंत होता. टीकेवर तो थांबला नाहीं; पुढें त्यानें चिटणीसांची बखर संपादून प्रसिद्ध केली. १८७८ त काव्येतिहाससंग्रह निघाला आणि १९१० त भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. एका विद्यार्थ्यानें पाठ्यपुस्तकास विचारलेल्या प्रश्नांचा या सर्व उद्योगाशीं संबंध आहे. परक्या लेखकाचा कल दाखवून स्वस्थ न बसतां उणे पडलेले कागद शोधावयास निघणें, हा पाठाचा खरा शेवट होय.

(१०) शेवटीं संग्राहक मंडळींस दोन विनंत्या. पोथीची अगर कागदाची नोंद करतांना कर्ता, काल व पत्रसंख्या यांबरोबर 'कोणाच्या सांगण्यावरून', 'कोणासाठीं' आणि 'कोणाच्या विरुद्ध' हीं तीन सदरेंही ठेवावींत. माहीत नसल्यास तीं रिकामीं राहूं द्यावींत, पण असावींत. माहात्म्यें व व्रतकथा 'ऐतिहासिक नव्हेत' म्हणून बाजूस टाकण्याची आपली रीतही सोडावी; ती रीत हा आपलाच कल आहे. दुसरी विनंती ही कीं, आपल्या दप्तरांत एकाच तंट्याविषयीं दोन्ही पक्षांचीं दोन पत्रें असतील तर त्यांच्या छायाप्रती, वाचून देवनागरींत उतरवून, जवळच्या शाळेस द्याव्यात. वतनाचा, पाटीलकीच्या मानाचा किंवा पाण्याच्या पाटाचा तंटा पुरे. मूळ कागद पेटींतच राहूं दे. दोन पत्रें शेजारीं ठेवून वाचल्यावर मुलें जें शिकतील, तें आमच्यासारख्या शिक्षकानें वर्षभर सांगूनही त्यांस कळणार नाहीं.